घाईचा हिशेब कोण मांडणार?

महाराष्ट्रातील घाटवाटांनी प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने रस्त्याच्या कडेचा तो फलक वाचलेला असतो : ‘अति घाई संकटात नेई’. चार शब्दांचे हे शहाणपण सरकारी खर्चाने रंगविले जाते, पावसाळ्यात पुसट होते आणि पुन्हा रंगविले जाते. परंतु ज्या शासनाचा एक हात हा फलक रंगवितो, त्याच शासनाचा दुसरा हात वेगाची मर्यादा वर वर सरकवीत असतो, हा विरोधाभास आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात आला आहे?

घटनाक्रम पाहा. २०१८ च्या एप्रिल महिन्यात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अधिसूचना काढून द्रुतगती मार्गांवर मोटारींना ताशी १२० आणि चौपदरी महामार्गांवर ताशी १०० किलोमीटर वेगाची मुभा दिली. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ती अधिसूचना रद्द ठरविली. तरीही त्याच वर्षी केंद्रीय रस्तेमंत्री श्री. नितीन गडकरी यांनी द्रुतगती मार्गांवर ताशी १४० ची मर्यादा असावी, असे आपले मत जाहीरपणे मांडले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला, तो ताशी १२० च्या मर्यादेसह; आणि त्याची आखणी तर ताशी १५० किलोमीटर वेग गृहीत धरून केलेली आहे, हे मोठ्या अभिमानाने सांगितले गेले.

या विषयावर आपल्याकडे जी काही चर्चा होते, ती अपघातांभोवती फिरते. ते स्वाभाविकच आहे. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या कारणाच्या रकान्यात सरकारी अहवालाने ‘अतिवेग’ हा शब्द लिहिला आहे. या आकड्यापुढे कोणीही नतमस्तक व्हावे. परंतु अपघात न घडविता, सुखरूप घरी पोहोचणारा वेगही निरपराध नसतो, हे आम्हांला येथे मांडावयाचे आहे. तो इंधन जाळतो, हवा नासवितो, आणि त्याची किंमत गाडीत बसलेल्यापेक्षा गाडीबाहेर उभा असलेलाच अधिक मोजतो.

वारा कोणाचेच ऐकत नाही

प्रथम यामागील साधे विज्ञान समजून घेऊ. वसईच्या खाडीत होडी वल्हविणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही : हळू वल्हविले तर पाणी वाट देते, जोर केला की तेच पाणी भिंतीसारखे आडवे येते. हवेचेही तसेच आहे. धावणाऱ्या मोटारीला दोन मुख्य शक्तींशी झगडावे लागते. एक चाकांचे रस्त्याशी होणारे घर्षण. ते वेगाबरोबर फारसे बदलत नाही. दुसरा हवेचा अवरोध. तो मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर अवरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ८० वरून १२० वर गेले म्हणजे वेग दीडपट होतो, पण प्रत्येक किलोमीटरला हवा बाजूस सारण्याचे काम सव्वादोन पट होते. आणि तेच काम कमी वेळात उरकावयाचे असल्याने त्यासाठी इंजिनाला लावावी लागणारी शक्ती जवळजवळ साडेतीन पट होते.

आता या खर्चाच्या बदल्यात पदरात काय पडते ते पाहा. शंभर किलोमीटरचे अंतर ताशी ६० च्या वेगाने कापण्यास १०० मिनिटे लागतात. वेग ८० केला तर ७५ मिनिटे. म्हणजे २५ मिनिटे वाचली. ८० चे १०० केले तर १५ मिनिटे वाचतात. १०० चे १२० केले तर १०. आणि मंत्रिमहोदयांच्या इच्छेप्रमाणे १२० चे १४० केले तर जेमतेम ७ मिनिटे. म्हणजे वेगाच्या प्रत्येक पायरीवर लाभ आटत जातो. हवेचा अवरोध मात्र, ताशी ६० ला तो एक धरला, तर ८० ला पावणेदोन पट, १०० ला पावणेतीन पट, १२० ला चौपट आणि १४० ला जवळजवळ साडेपाच पट होतो. कोणताही शहाणा दुकानदार असा सौदा करणार नाही, की ज्यात प्रत्येक वेळी मोल वाढवून द्यावयाचे आणि माल कमी घ्यावयाचा. पण हातात स्टिअरिंग आले की शहाणा दुकानदारही हाच सौदा करतो.

हे केवळ वहीतील गणित आहे, असे कोणी म्हणेल. तर अमेरिकेच्या ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१३ साली प्रसिद्ध केलेले निष्कर्ष पाहावेत. तेथे ७४ प्रकारच्या गाड्यांच्या मोजमापांचा अभ्यास झाला. ताशी ५० मैलांवरून (८० किलोमीटर) ६० मैलांवर गेले की एका गॅलनमागे मिळणारे अंतर सरासरी १२.४ टक्क्यांनी घटते. ६० वरून ७० वर गेले की आणखी १४ टक्के. ७० वरून ८० वर गेले की आणखी १५.४ टक्के. आपल्या भाषेत सांगायचे तर, जी गाडी ताशी ८० ला लिटरमागे २० किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज देते, ती ताशी ११२ ला १५ आणि ताशी १२८ ला पावणेतेरा देईल.

हेच माप मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला लावू. घाट क्षणभर विसरू आणि साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा हा रस्ता सपाट आहे असे मानू. ताशी ८० ने गेले तर ७१ मिनिटे आणि पावणेपाच लिटर पेट्रोल. ताशी ११२ ने गेले तर ५१ मिनिटे आणि सव्वासहा लिटर. वीस मिनिटांसाठी दीड लिटर अधिक. एक लिटर पेट्रोल जळाले म्हणजे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका गाडीने, एका फेरीत, केवळ घाईपोटी साडेतीन किलो विषाचा वाढीव बोजा आकाशात सोडला. आणि वाचविलेली ती वीस मिनिटे जातात कोठे? चेंबूरच्या सिग्नलला किंवा पुण्याच्या चांदणी चौकात पुढच्या गाडीचे मागचे दिवे पाहत बसण्यात! महामार्गावर कमावलेले शहराच्या वेशीवर उधळावे, असाच हा व्यवहार आहे.

जाहिरातीतील अ‍ॅव्हरेज

गाडी विकत घेताना आपण पहिला प्रश्न विचारतो तो ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा. विक्रेता एक आकडा सांगतो. त्या आकड्यावर आपण घरी चर्चा करतो आणि शेजाऱ्याच्या गाडीशी तुलना करतो. तो आकडा कसा काढला जातो, हे मात्र कोणी विचारीत नाही. भारतीय गाड्यांच्या चाचणीसाठी जे प्रमाणित चालनचक्र अनेक वर्षे वापरले गेले, त्यात गाडीचा कमाल वेग ताशी ९० किलोमीटर इतकाच असतो आणि सरासरी वेग तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे ज्या वेगाची झिंग जाहिरातीच्या चित्रात दाखविली जाते, त्या वेगाला ती गाडी किती पेट्रोल पिते, हे त्या जाहिरातीच्या आकड्यात कोठेच नसते. एका पानावर वेग विकावयाचा आणि दुसऱ्या पानावर काटकसर! दोन्ही एकदम मिळत नाहीत, हे ग्राहकाला सांगण्याचे बंधन मात्र कोणावर नाही.

आपल्याच देशातील पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था ही १९७८ पासून इंधन वाचविण्याचा प्रचार करीत आली आहे. गाडी ताशी ४५ ते ५५ च्या वेगाने चालविली, तर ताशी ८० च्या तुलनेत ४० टक्क्यांपर्यंत अधिक अंतर मिळू शकते, असे ती संस्था भारतीय गाड्यांवरील चाचण्यांच्या आधारे सांगत आली. हा संदेश पेट्रोलपंपाच्या भिंतीवर चिकटविला गेला आणि तेथेच राहिला. आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल परदेशातून विकत आणणाऱ्या देशात इंधन बचतीचा उपदेश एका खात्याने करावा आणि वेगमर्यादा वाढविण्याचा आग्रह दुसऱ्या खात्याने धरावा, याला नियोजन म्हणावयाचे काय?

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की कूर्मगती हे काही या दुखण्याचे औषध नव्हे. खालच्या गिअरमध्ये रखडणारी, दर दहा पावलांना थांबणारी गाडीही भरमसाट इंधन पिते. घोडबंदर रस्त्यावर तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्यांचा धूर हा द्रुतगती मार्गावरील धुराइतकाच खरा आहे. आमचा आग्रह हळू जाण्याचा नाही, बेताने आणि एकसारखे जाण्याचा आहे. बहुतेक मोटारींचे हित ताशी ५० ते ८० या पट्ट्यात असते. त्याच्या अलीकडेही नासाडी आहे आणि पलीकडेही. फरक एवढाच, की अलीकडची नासाडी आपल्यावर लादली जाते आणि पलीकडची आपण हौसेने ओढवून घेतो.

जगाने काय केले?

वेगवादी मंडळींचा लाडका दाखला म्हणजे जर्मनी. ‘तेथे पाहा, मर्यादाच नाही!’ असे ते म्हणतात. अर्धसत्य किती सुखाचे असते याचे हे उदाहरण आहे. जर्मनीतील महामार्गांच्या मोठ्या भागावर सक्तीची मर्यादा नाही हे खरे. पण ताशी १३० हा शिफारस केलेला वेग तेथेही आहे, आणि १९७३ च्या तेलटंचाईत त्याच जर्मनीने काही महिने महामार्गांवर ताशी १०० ची मर्यादा घातली होती, त्या वर्षअखेरीस काही रविवारी खासगी मोटारी रस्त्यावर आणण्यासच मनाई केली होती. २०२० साली तेथील संघीय पर्यावरण संस्थेने हिशेब मांडला, की महामार्गांवर १३० ची मर्यादा घातली तर वर्षाला १९ लाख टन, आणि १०० ची घातली तर ५४ लाख टन हरितगृह वायू वाचतील. नवे यंत्र नको, नवा पूल नको. केवळ पाय थोडा उचलावयाचा. यावर २०२२ साली तेथील तत्कालीन वाहतूकमंत्र्यांनी उत्तर दिले, की तेवढे फलक आमच्याकडे शिल्लक नाहीत! जगाला यंत्रे पुरविणाऱ्या राष्ट्राला पत्र्याच्या पाट्या परवडत नाहीत, असा याचा अर्थ घ्यावा काय?

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीतील प्रोटेस्टंट ख्रिस्तसभांच्या महासंघाच्या धर्मसभेने ठराव केला, की ख्रिस्तसभेच्या कामासाठी निघालेली गाडी महामार्गावर ताशी १०० आणि इतर खुल्या रस्त्यांवर ताशी ८० च्या पुढे जाणार नाही. सरकार कायदा करीपर्यंत आम्ही थांबणार नाही, असे त्यांनी कृतीने सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात आजच्या जीवनाच्या या वाढत्या धावपळीसाठी ‘रॅपिदासिऑन’ हा स्पॅनिश शब्द मुद्दाम वापरला आहे; मराठीत त्याला ‘वेगीकरण’ म्हणता येईल. आपण ते परिपत्रक व्याख्यानमालांतून पुष्कळ ऐकले. पार्किंगच्या जागेपर्यंत ते पोहोचले काय, हे ज्याचे त्याने पाहावे.

अमेरिकेचा धडा अधिक बोलका आहे. तेलबंदीच्या धक्क्यानंतर अध्यक्ष निक्सन यांनी जानेवारी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांच्या, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरच्या, मर्यादेचा कायदा संमत केला. १९७३ साली तेथे रस्त्यांवर सुमारे ५४ हजार माणसे मेली होती. १९७४ साली सुमारे ४५ हजार. टंचाईमुळे लोक गाडीने कमी फिरले, हेही त्याचे एक कारण होते. पण कमी वेगाचा वाटा नाकारता येत नाही. इंधनाची बचत मात्र अपेक्षेपेक्षा थोडी झाली. का? तर कोट्यवधी वाहनचालकांनी तो कायदा मनापासून पाळलाच नाही. १९८७ साली मर्यादा सैल झाली आणि १९९५ साली तो राष्ट्रीय कायदाच रद्द झाला. ‘पाहा, मर्यादा निष्फळ ठरते,’ असा निष्कर्ष वेगवादी यातून काढतात. आम्ही उलट निष्कर्ष काढतो : औषध घेतलेच नाही, तर ते निरुपयोगी आहे असे म्हणण्याचा अधिकार रोग्याला पोहोचत नाही.

नेदरलँड्सने मार्च २०२० मध्ये दिवसा महामार्गांवर ताशी १०० ची मर्यादा घातली, ती नायट्रोजनच्या संयुगांनी निसर्गाची होणारी हानी रोखण्यासाठी. खुद्द पंतप्रधानांना तो उपाय रुचला नव्हता आणि त्यांनी तसे बोलूनही दाखविले. तरीही त्यांनी तो केला. मार्च २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने तेलाची मागणी त्वरित घटविण्यासाठी दहा उपाय सुचविले. त्यांतील पहिलाच होता : महामार्गांवरील वेगमर्यादा ताशी किमान १० किलोमीटरने खाली आणा.

आणि आपल्याच माणसांना विचारा ना! गोव्यातील आणि वसईतील कितीतरी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे जहाजांवर नोकरीला गेली. ती सांगतील, की २००८ साली तेलाचे भाव भडकल्यानंतर मालवाहू कंपन्यांनी आपली अजस्र कंटेनर जहाजे मुद्दाम हळू चालविण्यास प्रारंभ केला. पूर्वी २४ नॉटने पाणी कापणारी जहाजे २० नॉटच्याही खाली आली. त्या कंपन्या काही साधुसंत नव्हेत. त्यांनी केवळ हिशेब केला. नफ्यासाठी ज्यांना वेग सोडता आला, त्यांच्याइतकाही व्यवहार आपल्याला कळू नये?

किंमत कोण मोजतो?

‘पेट्रोल माझे, पैसा माझा, मग तुम्हांला काय?’ हा शेवटचा आणि सर्वांत अहंकारी युक्तिवाद. वीस मिनिटांसाठी दीडशे रुपये मोजावयास मी तयार आहे, असे म्हणणाऱ्याचा तो खिसा आम्हांला दिसतो. पण त्याने पंपावर मोजलेली किंमत ही पूर्ण किंमत नव्हे. सायलेन्सरमधून बाहेर पडलेल्या धुराचे बिल त्याच्या नावावर येत नाही. ते महामार्गालगतच्या झोपडीतील दमेकरी म्हाताऱ्याच्या नावावर निघते. अवकाळी पावसाने आंब्याचा मोहोर गळालेल्या कोकणातील बागाईतदाराच्या नावावर निघते. समुद्राचे पाणी वर चढू लागलेल्या किनाऱ्यावरील कोळीवाड्याच्या नावावर निघते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशातील शंभरांपैकी सुमारे आठच घरांकडे मोटार आहे. उरलेल्या ब्याण्णव घरांनी त्या आठ घरांच्या घाईचा धूर श्वासात घ्यावा, ही कोणत्या न्यायाची गोष्ट झाली? राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ वसईच्या पूर्वेकडून जातो. त्याच्या कडेच्या पाड्यांतील माणसांना कोणी कधी विचारले आहे काय, की मुंबई-अहमदाबादची घाई तुम्हांला किती सोसते?

‘विजेच्या गाड्या आल्या, आता हा प्रश्न मिटला,’ असेही सांगितले जाते. हवेचा नियम पेट्रोल आणि वीज असा भेद करीत नाही. ताशी १२० ला विजेच्या गाडीची बॅटरीही झपाट्याने उतरते, आणि आपल्या देशातील सुमारे तीन चतुर्थांश वीज आजही दगडी कोळशापासून येते. धूर गाडीच्या मागून न निघता चंद्रपूरच्या धुराड्यातून निघेल, एवढेच.

एक आक्षेप मात्र आम्ही गंभीरपणे घेतो. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर. ताशी १२० ने तो सहा तासांच्या आत संपतो. ताशी ९० ने पावणेआठ तास लागतात. दोन तास ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे; विदर्भातून मुंबईला उपचारासाठी येणाऱ्या रुग्णाला तर मुळीच नव्हे. रुग्णवाहिकेला कोणतीही मर्यादा अडवू नये, हे उघडच आहे. परंतु एरवीच्या प्रवाशाला एवढे अंतर एकट्याने मोटार हाकीत का कापावे लागते, हा खरा प्रश्न आहे. रात्री नागपुरात बसून सकाळी मुंबईत उतरविणारी आगगाडी त्याच्यासाठी पुरेशी का नाही? तिचे आरक्षण महिनाभर आधी का संपते? कोकण रेल्वेने १९९९ पासून मालाने भरलेले ट्रक आगगाडीवर चढवून नेण्याची सोय केली. शेकडो किलोमीटरचे डिझेल आणि चालकांचे जागरण त्यामुळे वाचते. असा उपाय आपल्याच मातीत सिद्ध झालेला असताना राज्याने आपली सारी प्रतिभा डांबर आणि काँक्रीट यांवरच का खर्च करावी?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. द्रुतगती मार्गांवरील मर्यादा यापुढे एका किलोमीटरनेही वाढवू नये आणि समृद्धीवरील मर्यादा १०० वर आणावी. गाडीच्या जाहिरातीत ताशी ८०, १०० आणि १२० अशा तीन वेगांचे अ‍ॅव्हरेज सारख्याच ठळक अक्षरांत छापणे बंधनकारक करावे. वेगमर्यादा ठरविणाऱ्या समितीत रस्ते अभियंत्यांबरोबर इंधनाचा आणि हवेचा अभ्यास असणारी माणसेही असावीत. लांबच्या पल्ल्यासाठी रेल्वेच्या आणि एस.टी.च्या फेऱ्या वाढवाव्यात.

आणि शासन हे करीपर्यंत? धर्मग्राम, शाळा, पतपेढ्या, सांस्कृतिक मंडळे, आपल्या या साऱ्या संस्थांकडे गाड्या आहेत. लग्नाला, यात्रेला, सभेला आपण भाड्याच्या बसगाड्या ठरवितो. ‘आमची गाडी ताशी ८० च्या पुढे जाणार नाही’ असा ठराव संमत करण्यास कोणत्या मंत्रालयाची परवानगी लागते? त्यासाठी निधी गोळा करावा लागत नाही, उलट काही शिल्लक पडते. चालकाला निघण्यापूर्वी एवढेच सांगावयाचे, की पंधरा मिनिटे उशीर झाला तरी चालेल. आणि मग उशिरा पोहोचल्याबद्दल त्याला बोल लावावयाचा नाही. वाचकांपैकी जे अशा संस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत, त्यांनी हा विषय पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घालावा, एवढी आमची विनंती आहे.